सुंदर आहे, पण चांगलं आहे का?

सुरुवातीलाच दोन कबुल्या देऊन टाकते.

पहिली भाषेची. मी कॉन्व्हेंटमध्ये शिकले. दहावीपर्यंत मराठी हा माझ्यासाठी मार्क मिळवण्याचा एक विषय होता, आणि आजही 'न' आणि 'ण' मध्ये माझी गडबड होते. "तू इंग्लिश सेक्शनला लिही ना," असं मराठी विभागाच्या संपादकांनी सुचवूनही पाहिलं. पण हा विषय मला मराठीतच मांडायचा होता. का, ते पुढे कळेलच. लेखात शुद्धलेखनाच्या चुका सापडल्या तर त्या माझ्या, नाही सापडल्या तर श्रेय संपादकांचं!

दुसरी कबुली जरा अवघड आहे. फर्स्ट इयरला ड्रॉइंग हॉलच्या भिंतीवर 'बेस्ट शीट' म्हणून जी शीट लावली गेली आणि जी आजही तिथेच आहे, ती माझी नाही. म्हणजे नाव माझं आहे, रोल नंबर माझा आहे, रेषा मीच ओढल्या आहेत. पण ती जीटी आहे.

जीटी म्हणजे काय हे हॉस्टेलवाल्यांना सांगायला नको. स्टाफपैकी ज्यांना माहीत नसेल (किंवा माहीत नाही असं दाखवावं लागत असेल) त्यांच्यासाठी सांगते. जीटी म्हणजे ग्लास ट्रेसिंग. दोन खुर्च्यांवर एक काच ठेवायची, खाली टेबल लॅम्प, काचेवर दुसऱ्याची शीट, तिच्यावर आपली कोरी शीट. खालून उजेड आला की दुसऱ्याचं डोकं आपल्या कागदावर उमटतं.

मी ज्या शीटवरून जीटी मारली ती माझ्या रूममेटची होती. ती शिरपूर तालुक्यातली, मराठी मीडियमची. प्रोजेक्शन ऑफ सॉलिड्सचा प्रॉब्लेम होता, षटकोनी पिरॅमिड, अ‍ॅक्सिस दोन्ही प्लेनला तिरका. रात्री दोन वाजेपर्यंत ती बोर्डवर वाकून बसली होती. तिसऱ्या स्टेपला हिडन लाइन चुकली, खोडलं. परत चुकली, परत खोडलं. मार्च महिना, हाताला घाम. एका ठिकाणी तर कागदाचा कापूस झाला. शेवटी उत्तर बरोबर आलं, पण शीट मळली. मी सकाळी उठले, टू-एच पेन्सिलीला छान टोक काढलं आणि पाऊण तासात तीच आकृती स्वच्छ, एकसारख्या रेषांत उतरवली. तिने केलेल्या चुका माझ्या शीटवर नव्हत्या, कारण त्या तिने आधीच करून, खोडून ठेवल्या होत्या.

तिला दहापैकी सहा मिळाले. खाली लाल पेनने शेरा होता, "नीटनेटकेपणा नाही." मला नऊ मिळाले आणि शीट भिंतीवर गेली. सरांना मी दोष देत नाही. साठ-साठ शीट्स तपासायच्या, तर डोळ्याला जे दिसतं तेच आधी दिसणार. रूममेट रागावलीही नाही. "तुझ्या लाइन्स किती एकसारख्या येतात गं," एवढंच म्हणाली. तेव्हा मला ते कौतुक वाटलं होतं, हे लिहिताना आता लाज वाटते.

आता तुम्ही म्हणाल, ही कबुली चहाच्या टपरीवर द्यायची, मॅगझिनमध्ये कशाला? कारण मध्ये कन्फ्यूशियस आला!

गेल्या सेमिस्टरला ओपन इलेक्टिव्हच्या सेमिनारसाठी चिठ्ठ्या टाकल्या होत्या. मैत्रिणीला गांधीजी आले, माझ्या चिठ्ठीवर कन्फ्यूशियस. मला एवढंच माहीत होतं की तो चिनी आहे आणि त्याच्या नावावर मोबाईलवर वाट्टेल ती सुवचनं फिरतात. लायब्ररीतून त्याच्या वचनांचा संग्रह, 'अ‍ॅनालेक्ट्स', आणला आणि चाळता चाळता एका ठिकाणी अडकले.

कन्फ्यूशियसचा काळ इ.स.पू. ५५१ ते ४७९. त्याला संगीताचं भयंकर वेड. छी नावाच्या राज्यात त्याने 'शाओ' हे प्राचीन संगीत ऐकलं आणि पुढे तीन महिने त्याला मांसाची चव कळली नाही म्हणे! याच 'शाओ'ची त्याने दुसऱ्या एका संगीताशी, 'वू'शी, तुलना केली आहे. 'शाओ' पूर्णपणे सुंदर आहे आणि पूर्णपणे चांगलंही आहे, असं तो म्हणतो. 'वू' पूर्णपणे सुंदर आहे, पण पूर्णपणे चांगलं नाही. बस, एवढंच. कारण तो देत नाही. जुने टीकाकार सांगतात की 'शाओ' हे शुन राजाचं संगीत. शुनचे गुण पाहून याओ राजाने राज्य आपणहून त्याच्या हाती दिलं होतं. 'वू' हे झोऊ घराण्याच्या वू राजाचं संगीत. त्यानेही जुलमी राजालाच हटवलं, पण लढाई करून, रक्त सांडून. ते कुठेतरी सुरांत उतरलं, असा अर्थ.

हे वाचताना मला एकदम ड्रॉइंग हॉलची भिंत दिसली. पूर्णपणे सुंदर, पण पूर्णपणे चांगलं नाही.

आता विषय मराठीतच का मांडायचा होता ते सांगते. आपल्या 'चांगलं' या शब्दाकडे कधी नीट पाहिलंय? माझी आजी म्हणते, "शेजारची सून चांगली आहे." म्हणजे दिसायला चांगली की वागायला चांगली? आजी पुढचं वाक्य बोलेपर्यंत कळत नाही. अक्षर चांगलं असतं, माणूस चांगला असतो, आमटीसुद्धा चांगली होते. चिनी भाषेतही असाच घरोबा आहे. सुंदरसाठी 'मेइ' आणि चांगल्यासाठी 'शान' असे दोन वेगळे शब्द आहेत, पण दोन्ही चिन्हांच्या डोक्यावर एकच आकृती बसलेली आहे, मेंढीची! इ.स. १०० च्या सुमारास तयार झालेला त्यांचा एक प्रसिद्ध शब्दकोश तर या दोन्ही शब्दांचा अर्थ एकच, असंही सांगतो. म्हणजे शब्द एकत्र राहत होते आणि कन्फ्यूशियसने 'वू' ऐकून त्यांच्यामध्ये एक बारीकशी रेष ओढली. माझ्यासारख्या ड्रॉइंगवालीला ती रेष फार महत्त्वाची वाटते.

मग जे दिसायला सुंदर ते चांगलं, असं या लोकांना वाटत होतं का? अजिबात नाही. दोनेकशे वर्षांनी याच परंपरेत झालेल्या श्युन्झीने चेहरा बघून माणूस ओळखणाऱ्यांची चांगलीच खरडपट्टी काढली आहे. इतिहासातले दोन महादुष्ट राजे उंच आणि देखणे होते, याची तो आठवण करून देतो. आपल्याकडे आजही लग्नाच्या जाहिरातीत 'गोरी, सुंदर, सुशील' हे तीन शब्द एका दमात येतात, जणू पहिला आला की तिसरा फुकट मिळतो! त्यांनी हा श्युन्झी वाचायला हवा.

कन्फ्यूशियस अगदी साधा वागायचा का? तसंही नाही. नुसता साधेपणा म्हणजे चांगुलपणा, हेही त्याला मान्य नव्हतं. आतला कस वरच्या घडणीपेक्षा वरचढ झाला तर माणूस रांगडा राहतो आणि वरची घडण कसापेक्षा वरचढ झाली तर तो नुसता कारकून होतो, अशा अर्थाचं त्याचं वचन आहे. दोन्हींचा मेळ बसला तर खरा सज्जन. त्याच्या एका शिष्याने तर मस्त उदाहरण दिलंय. वाघाच्या कातड्यावरचे केस काढून टाकले तर ते आणि कुत्र्या-मेंढीचं कातडं यांत फरक काय उरला? म्हणजे वरचं रूपही आतल्या गोष्टीचाच भाग आहे, वरून चिकटवलेला कागद नाही. "मनातून चांगली असले म्हणजे झालं, बोलणं कसंही असो," असं म्हणणाऱ्या आपल्या सगळ्यांना हे उत्तर आहे. माझ्या कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर हेच वेगळ्या भाषेत सांगायच्या. तिथे मॉरल सायन्सचा तास असायचा आणि वह्यांना 'नीटनेटकेपणा'चे वेगळे मार्क. दोन्हीचा संबंध काय, ते मात्र कुणी सांगितलं नव्हतं.

तो संबंध मला मेन्शियसकडे सापडला. हा कन्फ्यूशियसनंतर शंभरेक वर्षांनी झाला. त्याने चांगुलपणाच्या पायऱ्या सांगितल्या आहेत. जे हवंसं वाटतं ते चांगलं. ते खरोखर आपल्या आत असलं की माणूस खरा. ते आत काठोकाठ भरलं की माणूस सुंदर! सौंदर्य म्हणजे भरून आलेला चांगुलपणा. आणि श्युन्झीचा टोला तर थेट आपल्या व्हायव्हासाठीच आहे. क्षुद्र माणसाचं शिक्षण कानातून आत जातं आणि तोंडातून बाहेर पडतं, कान आणि तोंडात अंतर चार बोटं, तेवढ्याने अख्खा देह कसा सुंदर होणार, असं तो विचारतो. एक्स्टर्नल यायच्या आधी कॉरिडॉरमध्ये उभं राहून आपण जे पाठ करतो, ते त्या चार बोटांच्या वर कधी जातं का?

पण चीन राहू द्या. जळगावहून पॅसेंजरने तासाभरात अमळनेरला जाता येतं. तिथे प्रताप शेठजींनी १९१६ मध्ये तत्त्वज्ञान मंदिर उभं केलं. पांडुरंग सदाशिव साने नावाचा तरुण तिथे तत्त्वज्ञान शिकायला आला, आणि १९२४ मध्ये तिथल्याच प्रताप हायस्कूलमध्ये मास्तर झाला. १९३० पर्यंत साने गुरुजी त्या शाळेत होते आणि छात्रालयाचंही काम बघत होते. छात्रालय म्हणजे आपलं हॉस्टेलच! मुलांसाठी ते हाताने लिहिलेलं 'छात्रालय' दैनिक काढायचे, रोजच्या रोज. त्यांच्या विद्यार्थ्यांच्या आठवणींत एक गोष्ट नेहमी येते. मुलं खोलीत नसताना गुरुजी गुपचूप जायचे, पसरलेली अंथरुणं आवरायचे, कपड्यांच्या घड्या घालायचे, कंदिलाच्या काचा पुसून ठेवायचे. ओरडा नाही, दंड नाही. काही दिवसांनी मुलांनाच लाज वाटू लागली आणि ती स्वतः आवरू लागली.

कन्फ्यूशियसचंही हेच म्हणणं होतं. लोकांना शिक्षेच्या धाकाने वळण लावलंत तर ते शिक्षा चुकवतील, पण त्यांना लाज वाटणार नाही. चांगल्या वागण्याने आणि रीतीने वळण लावलंत तर लाजही वाटेल आणि ते सुधारतीलही. आमच्या हॉस्टेलमध्ये अस्वच्छ खोलीला दंड आहे. परिणाम? इन्स्पेक्शनच्या दिवशी सगळा पसारा कॉटखाली! सुंदर खोली तयार. 'वू'चं संगीत चालू.

साने गुरुजींनी टॉलस्टॉयचं कलेवरचं पुस्तक 'कला म्हणजे काय?' या नावाने मराठीत आणलं. नुसतं डोळ्याला किंवा कानाला मिळणारं सुख ही कलेची कसोटी नाही, कला माणसामाणसांमध्ये कोणती भावना पोचवते हे बघा, असं टॉलस्टॉयचं म्हणणं. हे मराठीत आणणारा माणूस आधी दुसऱ्यांच्या कंदिलाच्या काचा पुसत होता, हे मला जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता आमच्या धुळ्याकडे या. मी धुळ्याची. धुळ्याच्या तुरुंगात २१ फेब्रुवारी ते १९ जून १९३२ या काळात विनोबांनी दर रविवारी गीतेवर प्रवचन दिलं. अठरा रविवार, अठरा अध्याय. ती प्रवचनं साने गुरुजींनी उतरवून घेतली, म्हणून आज आपल्याला 'गीता प्रवचने' वाचायला मिळतात. हे आठवलं आणि मी जरा चरकलेच. म्हणजे गुरुजींनीही दुसऱ्याचंच उतरवून घेतलं होतं की! मग त्यांच्यात आणि माझ्यात फरक काय? फरक टायटल ब्लॉकमध्ये आहे. पुस्तकावर नाव विनोबांचं आहे. दुसऱ्याचं उतरवणं ही काही लाजेची गोष्ट नाही. शिकायची ती जुनीच रीत आहे, गाणं शिकणारेही गुरूची तान आधी तशीच घेतात. लाजेची गोष्ट ही की खाली उजव्या कोपऱ्यात मी माझं नाव घातलं.

एवढं लिहून लेख संपवला असता तर तो फार गोड झाला असता. पण खानदेशची गंमत अशी की उलट बाजूही इथलीच आहे. कवी बा. सी. मर्ढेकर यांचा जन्म १९०९ मध्ये फैजपूरला झाला, त्यांचं काही शिक्षणही धुळ्याला झालं. 'सौंदर्य आणि साहित्य' लिहिणाऱ्या मर्ढेकरांचं म्हणणं अगदी वेगळं. सौंदर्याला स्वतःचे नियम आहेत, लयीचे, संवाद-विरोध-समतोलाचे. त्यात नीतीची फूटपट्टी आणू नका. आणि ही फूटपट्टी किती दुखवू शकते हे त्यांनी स्वतः सोसलं. 'काही कविता' या १९४७ च्या संग्रहावर अश्लीलतेचा खटला झाला, पुढे ते निर्दोष सुटले. चांगुलपणाच्या नावाखाली सौंदर्याला पिंजऱ्यात उभं करणारे लोक कायम असतात. चीनमध्ये मोझी होता. वाद्यं वाजवून लोकांना अन्नवस्त्र मिळत नाही, उलट त्यांच्या तोंडचा घास जातो, म्हणून संगीतच नको, असं त्याचं मत. दरवर्षी गॅदरिंगचं बजेट बघून "काय गरज आहे?" म्हणणारे आपल्याकडेही आहेतच!

मग बरोबर कोण? मला वाटतं, मर्ढेकर एका गोष्टीत नक्की बरोबर आहेत. माझ्या शीटवरच्या रेषा सुंदर आहेत. मी जीटी मारली म्हणून त्या वाकड्या होत नाहीत. आणि गंमत म्हणजे कन्फ्यूशियसनेही ते नाकारलं नाही. त्याने 'वू'ला बेसूर म्हटलं नाही. सौंदर्याच्या रकान्यात त्याने 'वू'ला पैकीच्या पैकी मार्क दिले. फक्त शेजारी दुसरा रकाना आखला आणि तो कोरा सोडायला नकार दिला. माझं मत असं की रकाने दोन असावेत, पण कागद एकच असावा. चांगल्या कामाचं सौंदर्य वाढवू नये आणि सुंदर कामाचा दुसरा रकाना झाकू नये.

याचं सगळ्यात मोठं उदाहरण पंढरपूरचं. विठ्ठलाच्या रूपाचं किती वर्णन संतांनी केलं! पण त्या रूपासमोर दलितांना उभं राहता येत नव्हतं. सुंदर होतं, पूर्णपणे चांगलं नव्हतं. मे १९४७ मध्ये साने गुरुजींनी तिथे उपोषण केलं आणि ते दार उघडलं. मूर्ती तीच, रूप तेच. दुसरा रकाना भरला.

आणि दोन्ही रकाने एकदम भरायचा प्रयत्न बघायचा असेल तर परत फैजपूरलाच या. डिसेंबर १९३६ मध्ये काँग्रेसचं खेड्यात झालेलं पहिलं अधिवेशन तिथे भरलं, अध्यक्ष जवाहरलाल नेहरू. गांधीजींच्या इच्छेप्रमाणे शांतिनिकेतनचे चित्रकार नंदलाल बोस यांनी तिथली सजावट केली, ती बांबू आणि खेड्यात मिळणाऱ्या साध्या वस्तूंची. त्याच अधिवेशनासाठी साने गुरुजी राबत होते, ग्रामसफाई करत होते, मैलासुद्धा वाहत होते. कमान नंदबाबूंची आणि झाडू गुरुजींचा, एकाच जागी. आपलं गॅदरिंग आठवा. स्टेज झकास होतं. दुसऱ्या दिवशी सकाळी चुरगळलेल्या फुलांत आणि डिशेसच्या ढिगात वाकलेल्या दोन मावशी कुणी पाहिल्या? मी पाहिल्या, कारण त्या दिवशी माझी सकाळची बस होती. पाहिलं आणि बसमध्ये चढले.

म्हणून मला स्टाफला नम्रपणे एक सुचवायचंय. शीट तपासताना खाडाखोडीलाही थोडे मार्क असू द्या. जिथे कागदाचा कापूस झालाय तिथेच बहुतेक वेळा कुणीतरी शिकलेलं असतं. दोन मिनिटं विचारा, "ही हिडन लाइन इथे का?" जीटीवाल्याला उत्तर येणार नाही. मला आलं नसतं.

आणि आपल्याला, म्हणजे आम्हा हॉस्टेलवाल्यांना? सल्ला देण्याइतकी मी चांगली नाही. फक्त पुढचं सांगते.

भिंतीवरच्या शीटचा फोटो पप्पांनी तेव्हा कौतुकाने सगळ्या नातेवाइकांना पाठवला होता. गावी आजीला मोबाईलवर दाखवला. आजीला पिरॅमिड म्हणजे काय ते माहीत नाही. तिने फोटो डोळ्याजवळ नेला, बराच वेळ बघितला आणि अहिराणीत विचारलं, "हाई तुनं शे का व माय?" तिच्या मनात संशय नव्हता, कौतुकच होतं. मी 'हो' म्हणाले.

सेमिनार झाला त्या रात्री मी रूममेटला सगळं सांगितलं. ती हसली. "अगं एवढं काय, सगळेच करतात. आणि शीट मीच दिली होती ना?" मग थोडा वेळ गप्प राहिली आणि म्हणाली, "पण भिंतीवर लागल्यावर मला वाईट वाटलं होतं." दोन वर्षं आम्ही एका खोलीत राहतोय. हे वाक्य दोन वर्षं तिथेच होतं, माझ्या नीटनेटक्या टेबलाशेजारी.

सर, हा अंक तुमच्या हातात पडेल तेव्हा मी थर्ड इयरच्या परीक्षेच्या गडबडीत असेन. मार्क आता बदलता येत नसतील. पण ती शीट खाली उतरवा. तिची शीट तिच्याकडे अजून आहे, गुंडाळून कपाटावर ठेवलेली. मी विचारलं, लावायची का? ती म्हणाली, "मळलीय गं."

मळू दे. ती लावू या.

– एक विद्यार्थिनी, तृतीय वर्ष, स्थापत्य अभियांत्रिकी (सरांना नाव माहीत आहे, भिंतीवर लिहिलेलं आहे.)